कापगतेजींचा पाहुणा

कापगतेजी कॉम्प्युटरची कळ कधी बोटाने दाबत नसत. कानावरची पेन्सिल काढायची, उलटी धरायची आणि मागच्या रबराने एकेक अक्षर टोचायचं. छोटे शेठना, आमच्या धाकट्या मालकांना, ते बघवत नसे. ते म्हणत, कापगतेजी, दहा बोटं दिली आहेत देवाने. त्यावर कापगतेजी मान हलवत आणि पुढचं अक्षर पेन्सिलनेच टोचत. बोटाला घाम असतो आणि घामाचा डाग ट्रेसिंगच्या कागदावरून जात नाही, हे तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या हातात बसलं होतं. काचेच्या पडद्याला आणि प्लास्टिकच्या कळांना घाम चालतो, हे त्यांना पटायला काहीच कारण नव्हतं.

भंडाऱ्याबाहेर हायवेला लागून आमचा कारखाना होता. राइस मिलची यंत्रं तिथे बनत. धान सोलणारे शेलर, चाळण्या आणि धान जमिनीवरून वरच्या मजल्यावर नेणारे एलिव्हेटर. एलिव्हेटर म्हणजे पत्र्याचा उंच चौकोनी नळ, आत फिरणारा पट्टा आणि पट्ट्याला बसवलेल्या लहान लहान बादल्या. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन तिथे ड्रॉइंग ऑफिसात लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. मला घेतलं ते चित्र चांगलं काढते म्हणून नव्हे. कॉम्प्युटरबरोबर आलेली दोन जाडजूड पुस्तकं इंग्रजीत होती आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली होते, म्हणून. मुलाखतीत छोटे शेठनी त्यातलं एक पान वाचायला लावलं, मी वाचलं, आणि नोकरी मिळाली.

पहिले दोन महिने मी कोणाशी फारसं बोलले नाही. बोलायचं झालं तर आधी मनात वाक्य जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. शेंडे नावाचे एक ट्रेसर, म्हणजे चित्रांच्या नकला काढणारे, होते, ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, मॅडमचं तोंड बी पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही. कापगतेजी हसत नसत आणि त्यांना दटावतही नसत. ते फक्त शेंड्यांना एखादी रेघ पुन्हा मारायला लावत.

कापगतेजी हेड ड्राफ्ट्समन होते. राहणार आसगाव. रोज पहिल्या गाडीने निघत. अड्याळला गाडीत बाजारची माणसं चढली की जागा देऊन उभे राहत आणि भंडाऱ्यापर्यंत उभेच येत. त्यामुळे ऑफिसात येईपर्यंत अर्धा दिवस संपल्यासारखे दमलेले असत. आल्यावर चप्पल बाहेर, हात धुणं, मग रुमालाने प्रत्येक बोट वेगळं पुसणं. चेहरा उन्हाने रापलेला, पण हात मात्र गावातल्या माणसाचे नव्हते. घरची धानाची शेती होती, ती भाऊ आणि मुलगा बघत. यांनी म्हणे जन्मात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, केली नव्हती. वयाच्या विशीपासून ते ड्रॉइंगच्या फळीपुढे उभे होते. उभेच, कारण ते स्टुलावरही बसत नसत. कॉम्प्युटर आल्यावर त्याच्यापुढेही उभेच राहिले, कमरेत वाकून, आणि त्यामुळे संध्याकाळी त्यांची पाठ धरायची.

ऑफिसच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत मांडणी होती आणि तिच्यात लाल कापडाचे बस्ते. प्रत्येक ऑर्डरचा एक बस्ता. मूळ चित्र, ट्रेसिंग, सामानाची यादी आणि त्या कामासाठी कापलेले पत्र्याचे फर्मे, ज्यांच्यावरून भोकं पाडायची आणि कडा वळवायच्या. कापगतेजींचा एक नियम होता, आणि त्या नियमाबाबत ते कोणाचं ऐकत नसत. एका बस्त्याचा फर्मा दुसऱ्या कामाला वापरायचा नाही. अगदी तसाच हवा असला तरी नवा कापायचा आणि त्या बस्त्यात ठेवायचा. पत्रा वाया जातो म्हणून मोठ्या शेठनी एकदा कुरकुर केली होती, पण नियम मोडला नाही.

त्याचं कारण मला शेंड्यांनी सांगितलं. फार जुनी गोष्ट असावी. कापगतेजी तेव्हा नवे होते. एका फिटरने दुसऱ्या ऑर्डरचा फर्मा उसना नेला, तो थोडा मोठा पडत होता म्हणून कानस मारली, आणि काही न बोलता परत बस्त्यात ठेवला. पुढे त्या फर्म्यावर तीन शेलरची घरं, म्हणजे बाहेरची पत्र्याची खोकी, कापली गेली. तिन्ही वाया. बोलणी कापगतेजींना बसली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बस्त्याला त्यांनी पत्र्याचा बिल्ला लावला आणि फर्म्यांवर नंबर ठोकायला सुरुवात केली.

कॉम्प्युटर माझ्या आधी सहा महिने आला होता. त्याच्यात चित्र काढायचा एक मोठा प्रोग्राम होता. पण तो नुसता रेघा आणि गोल जाणत होता, एलिव्हेटर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला एक लहान प्रोग्राम नागपूरच्या एका माणसाने आमच्यासाठी वेगळा लिहून दिला होता. मोठा प्रोग्राम चालू करायचा, मग त्याच्यात हा लहान प्रोग्राम बोलवायचा. तो आत आला की उंची विचारायचा, बादलीची रुंदी विचारायचा, आणि मिनिटभरात सगळा एलिव्हेटर पडद्यावर उभा. सोबत पत्रा कापणाऱ्यांसाठी एक यादीही छापून निघे, किती तुकडे, किती उंच, भोकांमध्ये अंतर किती.

तो आत आला की. बहुतेक वेळा तो येतच नसे. नाव टाकावं, कळ दाबावी, आणि खाली इंग्रजीतली एक ओळ उमटून सगळं थांबावं. कापगतेजींनी त्याला नाव दिलं होतं पाहुणा. सकाळी मी आले की विचारायचे, "पाहुणा आला का?" मी म्हणायची, नाही आला. शेंडे म्हणायचे, पाहुण्याले पाट-पानी विचारलं का कोणी. एकदा त्यांनी सुचवलं की मशीनपुढे नारळ फोडावा. कापगतेजी म्हणाले, "फोडला होता पहिल्याच दिवशी. पानी प्रिंटरात गेलं."

पाहुणा न येण्याचं कारण शोधणं हे आमचं रोजचं काम होऊन बसलं. इंग्रजी मला येत होतं, पण बिघाडाचं कारण त्यांना सापडायचं. हे कसं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाईने म्हटलं, काका, प्रोग्राम खराब झालाय बहुतेक.

"का लिवलं आहे ते वाचा," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत काय म्हणजे का. "मतलब मागून सांगा."

मी पुन्हा म्हटलं, म्हणजे तो चालत नाहीये.

"तसं लिवलं आहे का?"

तसं लिहिलेलं नव्हतं. फाइल सापडत नाही असं लिहिलेलं होतं. त्यांनी मला शब्द न् शब्द वाचायला लावला आणि मग एकेका शब्दाचा अर्थ विचारला. मग म्हणाले, खराब झाला असता तर सापडला असता आन मंग मेला असता. सापडतच नाही म्हणते, म्हणजे पत्ता चुकला. खरोखरच कोणीतरी डिरेक्टरीचं, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्याचं, नाव बदललं होतं. मी शाळेत इंग्रजीला बक्षीस घेतलेली मुलगी होते, आणि समोर लिहिलेलं वाचत नव्हते.

दुसऱ्या वेळी ओळ वेगळी होती. जागा पुरत नाही, अशा अर्थाची. मी पुस्तकात शोधलं, पण तिथे नुसतंच लिहिलं होतं की जागा वाढवा. कापगतेजींनी आधी मशीन बंद करायला लावलं. मग म्हणाले, मशीन चालू होताना जे जे आत येते ते सगळं बाहेर काढा. एक मोठा प्रोग्राम ठेवा आन एक पाहुणा. पाहुणा आला. मग एकेक करून बाकीच्यांना आत घेतलं. प्रत्येक वेळी मशीन बंद, मशीन चालू, पाहुण्याला हाक. मध्येच वीज गेली, ती दोन तासांनी आली, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुपार त्यात गेली. शेवटी छोटे शेठनी हौसेने टाकलेला एक घड्याळाचा प्रोग्राम सापडला, पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारा. तोच जागा अडवून बसला होता. कापगतेजींनी छोटे शेठना काही सांगितलं नाही. फक्त भिंतीवरच्या घड्याळाला त्या दिवशी नवीन सेल आणून घातला.

मी हे लिहिते आहे त्यावरून वाटेल की त्यांना त्यात मजा येत होती. येत असावी, पण तोंडावर दिसत नसे. दिसायचा तो थकवा. मात्र त्या वर्षी एक गोष्ट झाली. ते अठ्ठावन्नचे झाले. कारखान्यात त्या वयाला माणूस घरी जाई. छोटे शेठनी त्यांना थांबवलं, कारण पाहुणा त्यांच्या हाकेलाच येतो असं एव्हाना सगळे धरून चालले होते. थांबवलं ते महिन्या महिन्याने. त्यांनी एकदाच, डबा खाताना, मी न विचारताच मला सांगितलं. घरी सगळं ठीक आहे, पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण तिथं मी दिवसा कधी राहिलोच नाही जी. दुपारी घरात कोण कुठं बसते तेही मले माहीत नाही.

पाहुण्याच्या बाबतीतही त्यांनी बस्त्याचा नियम लावला होता. नवी ऑर्डर आली की कॉम्प्युटरात तिच्या नावाची डिरेक्टरी करायची, आणि तिच्यात चित्राबरोबर पाहुण्याचीही एक प्रत ठेवायची. प्रत्येक कामाचं त्याच्याजवळ. प्रती मी करत होते, त्यांच्या सांगण्यावरून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ती मांडणी बघून बरं वाटायचं.

पावसाळ्यात कारखान्यात भोकं पाडायचं नवीन यंत्र आलं. त्याचं भोकांमधलं अंतर जुन्यापेक्षा जास्त होतं. नागपूरच्या माणसाने पाहुण्यात तेवढा बदल करून ऑगस्टमध्ये नवीन फ्लॉपी पाठवली. ती आम्ही जिथे टाकायची तिथे, मुख्य जागी टाकली. एक नवीन ऑर्डर काढून बघितली. यादीत नवं अंतर आलं. कापगतेजींनी मान हलवली, फ्लॉपीवर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवली.

दिवाळीच्या सुमारास सानगडीच्या एका राइस मिलची ऑर्डर आली. एलिव्हेटर हुबेहूब अड्याळच्या मिलला होळीच्या सुमारास दिलेल्यासारखा हवा होता. मी अड्याळच्या डिरेक्टरीत गेले, पाहुण्याला बोलावलं, तो पहिल्या हाकेला आला. यादी छापली. कापगतेजींनी तपासली. तुकडे मोजले, उंची जुळवली. अंतराचा रकाना आम्ही दोघांनीही पाहून सोडून दिला. तो मशीनने भरलेला होता, म्हणजे बरोबरच असणार.

एलिव्हेटरचं डोकं, खालचा डबा आणि सांध्यांच्या पट्ट्या नव्या यंत्रावर आधीच तयार झालेल्या होत्या. मधल्या नळाचे तुकडे आमच्या यादीवरून कापले गेले. सानगडीला फिटरने जोडायला घेतलं तेव्हा एकाही सांध्यावर भोकं जुळेनात. धान निघालं होतं. मिलपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे होते, आणि मिल बंद.

नागपूरचा माणूस बोलावला गेला. त्याने सगळ्यांसमोर मुख्य जागेवरून पाहुणा चालवून दाखवला. अंतर बरोबर आलं. पुन्हा चालवला, पुन्हा बरोबर. तो खांदे उडवून म्हणाला की त्याचं काम चोख आहे, चालवणाऱ्यांनी काय केलं ते त्यांना विचारा. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण चित्राच्या कोपऱ्यात माझं नाव होतं.

छोटे शेठ वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. ते म्हणाले की शनिवारपर्यंत मला कारण पाहिजे. फ्लॉपी खराब असेल तर नागपूरवाल्यांना मी सोडणार नाही. चूक आपल्या ऑफिसातली असेल तर मशीन त्यांच्या माणसाच्या ताब्यात देणार, आणि मग कापगतेजींना उगाच त्रास कशाला द्यायचा, त्यांनी आराम करावा. हे ते कापगतेजींकडे बघून बोलले नाहीत. शेंड्यांकडे बघून बोलले.

त्यानंतरचे दिवस आम्ही शोधत होतो. कापगतेजींची पद्धत तीच. आधी फ्लॉपी तपासली, चांगली होती. मग सगळं बाहेर काढून एकेक आत घेतलं. काही वेळा नवं अंतर यायचं, काही वेळा जुनं. त्यांनी वहीत रकाने पाडले आणि प्रत्येक वेळी काय केलं ते लिहीत गेले. जेवणाच्या सुट्टीतही ते वही पुढ्यात ठेवून जमिनीवर बसत. भाकर हातात तशीच राहायची.

गुरुवारी दुपारी ते पोस्टात गेले होते. मी एकटीच होते. मी अड्याळच्या डिरेक्टरीतली यादी पडद्यावर आणली, सहज, दुसरं काहीतरी बघायला. त्यात पाहुण्याचं नाव होतं, पुढे त्याची साइझ आणि पुढे तारीख. मार्च महिन्याची.

मी तिथेच बसून राहिले. मोठा प्रोग्राम पाहुण्याला हाक मारतो तेव्हा आधी स्वतःच्या पायाशी बघतो, ज्या डिरेक्टरीत काम चाललं आहे तिथे. तिथे सापडला नाही तरच मुख्य जागी जातो. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, मी ते वाचलेलंही होतं. अड्याळच्या बस्त्यात अड्याळचा पाहुणा होता, मार्चमधला, जुनं अंतर घेऊन बसलेला. तो बोलावल्यावर आला. अशा आणखी वीस-बावीस प्रती होत्या. सगळ्या आम्ही ठेवलेल्या.

मी पुसायचा हुकूम टाइप केला. फाइलचं नाव लिहिलं. एक कळ दाबायची राहिली होती. ती दाबली असती, आणि मग बाकीच्या डिरेक्टऱ्यांत जाऊन तेच केलं असतं, तर शनिवारी सगळीकडे नवं अंतर आलं असतं आणि कारण कोणालाच सापडलं नसतं. नागपूरवाल्याने मधेच काहीतरी दुरुस्त केलं असावं, असं छोटे शेठनी धरलं असतं. बाहेर चप्पल काढल्याचा आवाज आला. मी टाइप केलेलं एकेक अक्षर मागे घेतलं.

कापगतेजी हात धुऊन आले. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, सगळं झालं, एकच राहिलं. ज्या डिरेक्टरीत जुनं अंतर येते तिथं आणखी कोण कोण बसलं आहे ते बघा. अड्याळची यादी काढा.

मी काढली.

"वाचा."

मी वाचायला लागले. चित्राच्या फाइलचं नाव, साइझ, तारीख. सामानाच्या यादीचं नाव, साइझ, तारीख. मग पाहुण्याचं नाव वाचलं, साइझ वाचली, आणि खालच्या ओळीवर गेले.

"तारीख राहिली, बाई," ते म्हणाले.

ऑफिसात मला ते मॅडम म्हणत. बाई त्यांनी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मी मान वर केली नाही. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. ते मागे उभे राहून केव्हापासून त्या ओळीकडे बघत असतील ते मला माहीत नाही.

मार्च, मी म्हटलं.

"आन नवी फ्लॉपी कवा आली?"

ऑगस्टमध्ये.

मग त्यांनी बाकीच्या डिरेक्टऱ्या एकेक करून उघडायला लावल्या आणि वहीत प्रत्येकीपुढे तारीख लिहिली. अक्षर नेहमीसारखंच चौकोनी, ओळ सरळ. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी मागच्या मांडणीकडे एकदा बघितलं, लाल बस्त्यांकडे, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

मी म्हटलं, काका, हे सांगितलंच पाहिजे असं नाही. प्रती मी केल्या. आपण त्या काढून टाकू. हे सगळं मी मनात न जुळवताच बोलले.

"आन नागपूरवाला का करन?" ते म्हणाले. "तीच फ्लॉपी परत देईन. आपण म्हणू बदलली. मंग पुढं कोणी तरी असाच बस्ता बांधन, आन पुढची मिल बंद पडन. कारन कोणाले माहीत नाही राहणार."

त्यांनी वहीचं पान फाडलं नाही. वहीच घेऊन शुक्रवारी सकाळी छोटे शेठकडे गेले. मलाही बोलावणं आलं. छोटे शेठनी रकाने वाचले. त्यांना ते लगेच कळलं, कारण कापगतेजींनी ते कळेल असंच लिहिलं होतं. त्यांनी विचारलं की या कॉप्या कोणी केल्या. मी तोंड उघडायच्या आत कापगतेजी म्हणाले, "मी कराले लावल्या. माझी रीत होती."

छोटे शेठ वही मिटून बसले. मग म्हणाले, "तुम्ही बोलला नसता तर मी नागपूरवाल्याला धरलं असतं."

"म्हणून तर बोललो," कापगतेजी म्हणाले.

मी तिथे उभी होते. त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते कोणतं हे मला कळतही होतं. मी बोलले नाही. छोटे शेठनी सगळ्यांसमोर जे सांगितलं होतं ते आता मागे घेणं त्यांना जड होतं, आणि कदाचित त्यांना ते घ्यायचंही नव्हतं. कापगतेजींनी महिनाअखेर घरी जायचं ठरलं.

पुढचे दोन-तीन दिवस आम्ही प्रती पुसत होतो. मी सगळ्या एकदम पुसायचा हुकूम देऊ शकले असते, तसं सांगितलंही. ते नको म्हणाले. मी एकेका डिरेक्टरीतली फाइल वाचायची, तारखेसकट, आणि ते वहीत खूण करून मग कळ दाबायचे. असे एकवीस की बावीस. दुसऱ्या दिवशी दुपारी, सातव्या-आठव्या डिरेक्टरीपाशी ते थांबले. पडद्याकडे बघत म्हणाले, "आता कुठं समजाले लागलं होतं." पुढची वाचा म्हणाले, मी वाचली.

सानगडीला जायचं त्यांनी स्वतः मागून घेतलं. तुकडे नवीन कापत बसलं तर मिल आणखी आठ दिवस बंद राहिली असती. त्यांचं म्हणणं होतं की आहेत त्याच तुकड्यांना मधल्या जागी नवीन भोकं पाडता येतील, फक्त प्रत्येक सांधा जागेवर मोजावा लागेल. फिटर, मी आणि ते कारखान्याच्या जीपने गेलो. मी दोन वर्षं एलिव्हेटर काढत होते आणि मिलमध्ये पाय ठेवायची ही पहिलीच वेळ होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार उंच होता.

मिलमालक पाटील चिडलेले होते. आल्या आल्या म्हणाले, काहून जी, कंपुटरनं काढला म्हणे हा, म्हणूनच का वाकडा? कापगतेजी थेट शिडीवर चढले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पाठ धरलेली, वर जाऊन सांध्यापाशी खडूने खुणा करत होता. फिटर भोकं पाडत होता, मी खालून मापं लिहून घेत होते. पत्र्याचा कीस आणि तुसाची धूळ त्यांच्या केसांवर बसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा बोल्ट बसला. पाटलांनी पट्टा सुरू केला. पत्र्याच्या आत धान वर जाताना पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेरच्या गाड्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

पाटलांचा राग उतरला. त्यांनी चहा मागवला. शेलरखालून पांढरा तांदूळ पडायला लागला तसा त्यातला मूठभर उचलून त्यांनी कापगतेजींच्या हातावर ठेवला, बघा म्हणाले. आमची जीप निघायची होती. फिटरने हॉर्न दिला. कापगतेजी म्हणाले, तुम्ही निघा, मी इथून लाखांदूर-पवनी करत गावाले जातो, भंडाऱ्याले येऊन का करू. महिनाअखेरला चार दिवस बाकी होते, पण रजा त्यांची शिल्लक होती.

मी जीपमध्ये बसले. काहीतरी बोलायला मान बाहेर काढली. ते मिलच्या अंगणात उन्हाला हात धरून उभे होते. तळहातावरच्या तांदळातून तुटलेले दाणे एका बोटाने वेगळे करत होते, अगदी सावकाश, आणि पाटलांना विचारत होते की हे धान कोणत्या शेतातलं, रोवलं कधी, पाणी कितीदा दिलं. पाटील सांगत होते. ते मध्येच थांबवून पुन्हा विचारत होते. जीप वळली तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही.